धाड ते टोकियो, दिवा लागायच्या आत

३ ऑगस्ट, रविवार

आज फोनला तोंडानं विचारलं, मुंबई ते टोकियो किती लांब? आतून बाई बोलली. सहा हजार सातशे किलोमीटरच्या आसपास, विमानानं साडेआठ तास. माझा विश्वास बसेना, परत विचारलं. परत तेच.

साडेआठ तास! आमच्या धाड गावाहून पुण्याला ट्रॅव्हल्सनं जायला एवढाच वेळ लागतो, ढाब्यावरचा थांबा वेगळा. म्हणजे माझी रेवती पुण्यात राहिल्यासारखीच की. आणि मी वर्षभर उगाच उशी भिजवत होते.

पुण्याचं स्थळ मीच मोडलं होतं, लांब पडतं म्हणून. माझी आई म्हणायची, लेक द्यावी तिथं, जिथं सकाळी निघून दिवा लागायच्या आत पोचता येईल. म्हणून बुलढाणा जिल्ह्यातलंच घर पाहिलं, संग्रामपूरचं. बसा बदलत गेलं तरी दुपारच्या जेवणाला हजर. लग्न झालं, मांडवाची पानंही वाळली नव्हती, तर जावईबापूंना कंपनीनं जपानला पाठवलं. माझी दातखिळीच बसली होती तेव्हा. यांना अजून हसू येतं. "पुणं लांब पडलं अन् जपान जवळ आलं माह्या बायकोले." हसोत बापडे.

रे. ला सहावा चालू आहे. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यात दुसरं मत नाही. साडेआठ तास म्हणजे काय, झोपली की मुंबई.

१ सप्टेंबर, सोमवार

महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं यथासांग. पाठीचा काटा ढिला झाला.

विहीणबाईंचा संग्रामपूरहून फोन. गोड बोलल्या, अगदी नको तितक्या गोड. "इनबाई, पोरीची खूप काळजी घ्या बरं, यावेळी जरा जास्तच घ्या." म्हटलं, यावेळी म्हणजे? आधी कधी झालंय का तिचं बाळंतपण? तर म्हणाल्या, "नाई, तसं नाई, आपलं म्हनलं." आणि फोन ठेवला. बाईंचं काही कळत नाही. लग्नातही आहेराची साडी घडी न मोडता परत पाठवली होती, ती का ते मला अजून कळलेलं नाही.

५ सप्टेंबर, शुक्रवार

रे. चा फोन. चेहरा सुजल्यासारखा वाटला. पाय दाखव म्हटलं तर दाखवेना.

"आई, मी लवकर येऊ का गं? पुढच्याच आठवड्यात?"

म्हटलं, अगं रविवारपासून पितृपक्ष लागतो. त्या पंधरवड्यात लेक माहेरी आणतात का कुणी? तुझ्या आजोबांची तिथ आहे, घरात पानं वाढायची. घट बसू दे, दसरा होऊ दे, सोनं लुटून ये. तोवर आठवा लागेल, पण विमानाला चालतं, यांनी विचारून ठेवलंय.

ती म्हणाली, "बरं." तिकीट ३ ऑक्टोबरचं काढायचं ठरलं.

तिचं ते "बरं" दिवसभर कानात राहिलं. भाकरी करपली.

७ सप्टेंबर, रविवार

ग्रहण. दुपारीच रे. ला बजावलं, चिरू नको, शिवू नको, खिळ्याला हात लावू नको. तर म्हणते, आई, कोणत्या घड्याळानं पाळू? तुमचं रात्री लागतं, आमचं पहाटे. तिथं साडेतीन तास पुढं चालतं सगळं. हे म्हणाले, "चंद्र एकच हाये ना दोघींचा, मंग?" शेवटी म्हटलं दोन्ही वेळा पाळ. चिडली असावी, पण हो म्हणाली.

१६ सप्टेंबर, मंगळवार

दुपटी शिवून झाली. जुन्या नऊवारीची, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. टोपडी, झबली, गोधडी एक. बाज अंगणात काढून सुतळी घट्ट करून घेतली. शेगडीला नवी जाळी. मागची खोली सारवायची म्हणत होते, हे म्हणाले, फरशीला सारवते का वं कोणी? खरंच की. आईचं घर डोळ्यासमोर होतं, त्यात फरशी नव्हती.

तिकीट निघालं. मधे एक विमान बदलायचं आहे म्हणे. असू दे. फोनच्या बाईनं साडेआठ तास सांगितलेत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

लिहवत नाही. तरी लिहिते, नाहीतर डोकं फुटेल.

सकाळी रे. चा फोन, रडत. विमानवाल्यांनी डॉक्टरचं पत्र मागितलं होतं. ते दिलं, आणि त्यांनी नाही म्हटलं.

"काऊन नाही?"

"आई, दोन हायेत."

माझ्या डोक्यात काही शिरेना. ती सांगतच होती. पोटात एक असलं तर छत्तीस आठवड्यांपर्यंत त्या विमानात चालतं, दोन असली तर बत्तीसच्या पुढं नाही. आजच बत्तीस भरले. तिकीट पुढच्या आठवड्याचं.

जुळं. माझ्या लेकीच्या पोटात जुळं, आणि मला सप्टेंबर संपताना कळतंय! एवढे महिने रोज व्हिडिओवर तिचं तोंड बघत होते. एक गोधडी शिवली मी. एक!

म्हटलं, तू मला सांगितलं का नाहीस? तर म्हणते, "सासूबाईंनी शपथ घातली होती."

ओट्याला धरून खाली बसले.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

वि. बा. ना फोन केला. (विहीणबाई. एवढं मोठं नाव आज लिहायचं जिवावर येतं.)

त्या म्हणाल्या, "आमच्यात जुळ्याचं सातव्याची ओटी भरेपर्यंत माहेरी सांगत नाईत, इनबाई. माह्या नंदेचं सांगितलं होतं, मंग काय झालं ते सगळ्याईले माहीत हाये."

म्हटलं, मग ओटी का नाही भरली? सातवा कधीच सरला!

"पितृपक्षात भरते का कोणी ओटी? म्या म्हनलं, पोरगी आली का दसऱ्यानंतर भरू अन् तवा सांगू. पाचव्यापासून तोंड शिवून बसली मी. मले काय मजा येऊन राह्यली होती का?"

मी जे बोलायचं ते बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही. त्यांनी फोन ठेवला. परत केला नाही, मीही केला नाही.

पाच तारखेला पोरगी विचारत होती, लवकर येऊ का. तेव्हा चाललं असतं. तेव्हा विमानात घेतलं असतं तिला.

२८ सप्टेंबर, रविवार

दोन दिवस वि. बा. ना मनातल्या मनात शिव्या. भाजी निवडताना, भांडी घासताना. आज हे वैतागले. सोयाबीन बघून आले होते, पायाला चिखल.

"किती दिवस चालनार हे? त्या गप्प बसल्या अन् तू थांबलीस. दोघीईनंही पितराईचंच आईकलं. आता पोरीचं आईका."

मी ताट आपटलं. जेवले नाही. पण माणूस खोटं बोलला नाही.

संध्याकाळी स्वतःच म्हणाले, "ती येऊ शकत नाई तर तू जा." पासपोर्ट आहेत दोघांचे, रे. गेली तेव्हाच काढून ठेवले. यांचं सोयाबीन सोंगायला, कापणीला आलंय, वर आभाळ फिरून फिरून येतं. हे नाही निघू शकत.

मी. एकटी. जपान. मला हसायलाच आलं, आणि मग रडू, आणि मग परत हसू. हे घाबरून पाणी घेऊन आले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. उद्या तिचं विमान होतं.

जा. बा. नी (जावईबापूंनी) कागद पाठवले, हे बुलढाण्याला जाऊन व्हिसाच्या एजंटाकडे देऊन आले. परत आल्यावर चपला काढता काढता म्हणाले, दोघींचे दिलेत. दोघी कोण? तर वि. बा. ही येणार. मला न विचारता ठरलं! त्यांच्याकडे म्हणे पासपोर्ट आहे, गेल्या वर्षी नेपाळात पशुपतिनाथाला जायचं म्हणून काढला होता, नंतर कळलं तिथं लागतच नाही.

"दोन लेकरं, दोन हातानं कशी धरशीन?" हे म्हणाले.

मी सोनं वाटायला बाहेर गेले. परत येईतो राग अर्धा उरला होता. उरलेला ठेवून दिला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

रे. ला पडून राहायला सांगितलंय. पोट मधूनच टणक होतं. जा. बा. सकाळी खिचडी करून ठेवून कामाला जातात. दिवसभर ती एकटी, चौदाव्या मजल्यावर, आणि खालच्या बाईशी बोलायचं तर बोली येत नाही.

"आई, खिडकीतून एक मोठ्ठं झाड दिसतं, त्याची पानं लाल होऊन राह्यलीत." हे सांगायला फोन केला होता तिनं. बाकी काही नाही.

मी बाथरूममध्ये जाऊन रडले. दुसरी गोधडी आज पुरी केली. टाके वाकडे आलेत, राहू दे.

११ ऑक्टोबर, शनिवार

व्हिसा आला. तिकीट आलं. आणि तिकीट वाचून मी सुन्न.

सोमवारी सकाळी धाडहून निघायचं. गाडीनं मुंबई, तेच सात-आठ तास. विमानाच्या तीन तास आधी आत जायचं. रात्री विमान, पहाटे बँकॉक. तिथं थांबायचं. मग दुसरं विमान, ते मंगळवारी दुपारी पावणेचारला टोकियोत उतरतं. तिथून पुढं आगगाडीनं दोन तास.

साडेआठ तास कुठं गेले? मी यांच्यावरच ओरडले. फोनच्या बाईनं सांगितलं होतं ना!

"तूनं विमानतळ ते विमानतळ विचारलं, तिनं तेच सांगितलं. तिनं सरळ उडनाऱ्या विमानाचं सांगितलं. तूनं दार ते दार कुठं विचारलं?"

म्हणजे इतके दिवस मी ज्यावर जीव ठेवून होते, ते विमानाचं अंतर होतं. माझं नव्हतंच. सोमवारची सकाळ ते मंगळवारची रात्र, एवढी लांब आहे माझी पोर.

१२ ऑक्टोबर, रविवार

वि. बा. आल्या. एसटीनं, दोन पिशव्या, एक पत्र्याचा डबा, आणि खांद्यावर एक लहानशी बाज. खरोखरची! लेकराची. सुताराकडून मुद्दाम करून आणलेली.

म्हटलं, ही विमानात नेणार?

"काऊन? लहान तं हाये."

हे तोंड फिरवून हसत होते. मलाही आलं, पण मी दाबलं. सोळा दिवस बोललो नव्हतो आम्ही. बाज आमच्याकडेच ठेवली, माझ्या मोठ्या बाजेशेजारी. दोन्ही रिकाम्या.

डब्यात डिंकाचे लाडू. मीही डिंकाचेच केले होते. दोघींनी एकमेकींचे चाखले. त्यांच्यात तूप जास्त आहे. सांगितलं नाही.

झोपायला गाद्या घालताना म्हणाल्या, "माह्या नंदेची दोनही गेली होती, इनबाई. म्यानंच गावभर सांगितलं होतं, आनंदानं." एवढंच. मी त्यांना पांघरूण दिलं.

१३ ऑक्टोबर, सोमवार

मुंबई, विमानतळ. बाकावर बसून लिहिते.

वाटेत जा. बा. चा फोन, रे. बरी आहे, झोपली आहे. म्हटलं बरं. सिल्लोडनंतर वि. बा. ना गाडी लागली, तर लिंबू मी दिलं. समृद्धी महामार्गाला लागल्यावर म्हणाल्या, "हे रस्ते असे, तं विमान कसं असीन?"

दारापाशी यांना आत येऊ देईनात. तिकीट असेल तोच आत. हे मला माहीत नव्हतं. मला वाटलं होतं एसटी स्टँडासारखं, खिडकीशी उभे राहतील, गाडी हलली की हात करतील. बोलायचं सगळं ठेवलं होतं मी तेव्हासाठी. दारात मागं रांग, शिपाई म्हणतो चला चला, आणि यांच्या हातात अजून माझी पाण्याची बाटली.

"जाय. पोचली का फोन कर."

तीस वर्षांच्या संसारात मी माहेरी चालले तरी हे फाट्यापर्यंत येत. आज काचेच्या पलीकडे उभे होते, शर्टाचं वरचं बटण तुटलेलं. मी काल लावायचं म्हटलं होतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

बँकॉक. सकाळ.

रात्रभर विमानात वि. बा. माझा हात धरून होत्या. समोरच्या पडद्यावर छोटं विमान आणि खाली आकडे, किती उरलं ते. त्या विचारायच्या, "किती राह्यलं?" मी सांगायचे. परत विचारायच्या. माझाही धीर त्या आकड्यांवरच होता.

इथं उतरलो, फोन चालू करायला इथल्या एका मुलीनं मदत केली, वायफाय की काय ते. चालू होताच टिंग टिंग टिंग.

जा. बा. : आई, पाणी गेलं. दवाखान्यात नेतोय.

मग : आत घेतलं.

मग : लवकर होईल म्हणतात. सही घेतली. ती तुम्हाला विचारत होती.

तीन निरोप. शेवटचा येऊन तास झालेला. फोन लावला, उचलत नाहीत. परत लावला. परत.

नऊ महिने भरायला अजून पाच आठवडे आहेत. मी वि. बा. ना वाचून दाखवलं. त्या मटकन खाली बसल्या, तिथंच, लोकांच्या पायात. "म्यानं तं सांगितलं नोतं कोनाले," म्हणाल्या. "या खेपेले तं म्यानं कोनालेच सांगितलं नोतं." म्हातारीसारख्या दिसल्या एकदम. आमचं वय एकच आहे. मी त्यांना धरून उठवलं, पदरानं तोंड पुसलं. आपल्यालाच कुणीतरी उठवावं असं मला वाटत होतं.

यांना लावला. यांचा लागला. मागं गाडीचा आवाज, अजून परतीच्या वाटेवरच होते. सांगितलं. गाडी थांबली. मग म्हणाले, "आता किती लांब हायेस तू?"

चार हजार सहाशे किलोमीटर, सहा तास. पाटीवर पाहून सांगितलं. दार ते दार त्यांनी विचारलं नाही.

रांग लागली आहे. आत बसलं की फोन बंद करायचा. सहा तास कुणाचा निरोप येणार नाही, आणि माझा कुणाला जाणार नाही. तिथं काय व्हायचं ते होऊन गेलेलं असेल, आणि मी वर, ढगात, पडद्यावरचे आकडे बघत. असं अंतर असतं हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

वि. बा. विचारतात, पोचेपर्यंत अंधार पडेल का? रे. म्हणाली होती, तिथं आता पाचलाच सांज होते. विमान पावणेचारला उतरतं. मग त्या बॅगा, मग ती आगगाडी, दोन तास. मी हिशेब करून पाहिला, उलटा करून पाहिला.

बोलावतायत. आई गं, दिवा लागायच्या आत—